लोणच्याच्या बरणीतली बटणं

आमच्या क्लासच्या कपाटात लोणच्याची एक काचेची बरणी होती. तिच्यात लोणचं कधीच नव्हतं. तिच्यात कीबोर्डची बटणं होती. सगळी अक्षरं, सगळे आकडे, स्वल्पविराम, पूर्णविराम, बाण. एकेक बटण उपटून, साबणाच्या पाण्यात धुऊन, पुसून बरणीत भरलेलं आणि वर घट्ट झाकण. पहिल्यांदा ती बरणी माझ्या हाताला लागली तेव्हा मी वेखंडे सरांना विचारलं, "आणि ज्या कीबोर्डची ही बटणं काढलीत, तो कुठे आहे?"

"घरी नेला," सर म्हणाले.

"बटणं नसलेला कीबोर्ड?"

"एक ठेवलंय की."

"आणि बाकीची?"

त्यावर सरांनी त्यांचं ठरलेलं वाक्य टाकलं. "ती काढली तर काय अडतं?"

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की अजूनही कुणी "काय अडतं" म्हटलं तर माझं कपाळ दुखायला लागतं.

शहापूरच्या एसटी स्टँडजवळ माझ्या वडिलांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. वडिलांमागे मी ते चालवायला घेतलं, टायपरायटर हळूहळू मागच्या खोलीत गेले आणि पुढे कॉम्प्युटर आले. वेखंडे सर वायरिंग दुरुस्त करायला म्हणून आले होते. वाशिंदच्या एका कारखान्यात ते इलेक्ट्रिशियन होते. कारखान्याला टाळं लागलं, तसे ते मिळेल ते काम करत हिंडत होते. माझी वायरिंग झाली, मग पंखा झाला, मग एक बंद पडलेला कॉम्प्युटर त्यांनी खोलून चालू केला, आणि मग ते शिकवायलाच लागले. मी त्यांना नेमलं असं मला आठवत नाही. एक दिवस बघितलं तर मुलं त्यांना सर म्हणत होती.

शिकवायचे छान, ते नाकारून चालणार नाही. पण माणूस भयंकर. आल्या आठवड्यातच त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंद काटा काढला. "फिरतो नुसता. बघतो कोन?" मग पायपुसणं गेलं. मग माझ्या टेबलाच्या काचेखालची चित्रं. मग खिडकीचा पडदा, कारण "उजेड आडवतो आन मग आपन ट्यूब लावतो." एकदा बाहेर रस्त्यावर उभं राहून ते आमच्या पाटीकडे बराच वेळ बघत होते. पाटीवर होतं, आदर्श टायपिंग अँड कॉम्प्युटर इन्स्टिट्यूट. आत येऊन त्यांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, तो 'आदर्श' काढला तर काय अडतं?" त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही.

मुरबाडला माझ्या आत्तेभावाच्या लग्नाला त्यांना नेलं, ही माझी हौस. आमच्याकडच्या लग्नात अक्षतांच्या आधी सत्कार असतात. माजी सरपंच, आजी सरपंच, होऊ घातलेले सरपंच, प्रत्येकाचं नाव माइकवर पुकारायचं, प्रत्येकाला नारळ आणि टॉवेल. मुहूर्त टळून जातो, नवरदेव घामाने भिजतो, पण सत्कार थांबत नाहीत. वेखंडे सर उठले आणि थेट माइकवाल्याकडे गेले. त्याच्या कानाशी लागून काही बोलले. काय बोलले असतील ते मला लांब मांडवात बसूनही ऐकू आलं. माइकवाला मुरलेला होता. त्याने लगेच पुकारलं, "शहापूरचे आपले वेखंडे सर यांचाही या ठिकाणी सत्कार होत आहे." सरांनी नारळ घेतला आणि टॉवेल परत केला. नारळाने त्यांचं काहीतरी अडत असावं.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण सरांची खरी खोड कॉम्प्युटरच्या आत होती.

आमच्याकडे भात म्हणजे शेतातलं, टरफलासकट. गिरणीतून काढून शिजवायला घेतो तो तांदूळ. बाजारात कॉम्प्युटर चालवायची जी सिस्टिम मिळायची, तिची सीडी सरांनी एकदा दोन बोटांत धरून मला दाखवली. "मॅडम, हे तांदूळ झाले. कुनी कांडले, किती पॉलिश मारली, आत खडे किती, तुमाला काय ठाऊक? मानसानं भात घ्यावं. आपलं आपन कांडावं."

त्यांचं भात म्हणजे सोर्स. प्रोग्राम माणसाने जसा लिहिला तसाच्या तसा. तो आपल्या मशीनला पचेल असा करून घ्यायचा, त्याला जग कंपाईल करणं म्हणतं. सर कांडप म्हणायचे. अशी भातासकट मिळणारी एक सिस्टिम त्यांना कुठल्याशा मासिकाबरोबरच्या सीडीत सापडली होती आणि तेव्हापासून त्यांच्या डोळ्यांना दुसरं काही दिसत नव्हतं. तिचा बेस तेवढा बसवायचा. मशीन उठलं पाहिजे, डिस्क वाचली पाहिजे, सांगितलेलं ऐकलं पाहिजे. बास. पुढचं ज्याला जे लागेल ते त्याने आपलं आपण कांडून घ्यावं.

हा बेस उभा राहिला की काय दिसायचं? काळा पडदा आणि वरच्या कोपऱ्यात लुकलुकणारी एक पांढरी रेघ. सर त्या रेघेकडे लेकराकडे बघावं तसे बघत. एकदा खर्डीहून एक पालक मुलीचं नाव घालायला आले. क्लास बघताना त्या मशीनसमोर थांबले आणि मला हळूच म्हणाले, "मॅडम, हे बिघडलंय का?" मी म्हटलं, "नाही हो, हे सुधारलेलं आहे." त्यांनी मुलीचं नाव वाशिंदच्या क्लासमध्ये घातलं.

बरं, कांडप म्हणजे काही चुटकीचं काम नाही. पडद्यावरून अक्षरांच्या ओळी सरसर वर जात राहायच्या, दिवसच्या दिवस. त्यात लोडशेडिंग. लाइट गेली की कांडप थांबायचं, सर हात मांडीवर ठेवून बसायचे. मी म्हणायचे, "पुन्हा पहिल्यापासून?" ते म्हणायचे, "नाय. थांबलं तिथनं फुडं." त्यांचा चेहरा बघून मला वाटायचं, या माणसाला दुसरं काही काम नाही, घर नाही, दार नाही. घरचं विचारलं तर एकच उत्तर. "बायको हाय घरी." किन्हवलीच्या पुढे त्यांचं गाव. कुणी कधी गेलेलं नव्हतं आणि त्यांनी कधी बोलावलं नव्हतं.

आता फोनचं सांगते. तो सांगितल्याशिवाय माझा संताप तुम्हाला कळायचा नाही.

माझ्या टेबलावर वडिलांच्या वेळचा फोन होता. मोबाइल आल्यावर मुलांचे पालक मला मोबाइलवरच फोन करायचे. त्या जुन्या फोनवर फक्त एकच माणूस फोन करायचा आणि तो माणूस होता की भूत, हे मला कळत नव्हतं. रोज दुपारी जेवणं झाल्यावर एकदा आणि चहाच्या वेळेला एकदा तो वाजायचा. उचलला की कुणी बोलायचं नाही. नुसतं "पीं... पीं... पीं..."

सर म्हणायचे, "वाजू द्या मॅडम. आपोआप बंद होतोय." पण वाजणारा फोन तसाच सोडणं मला जमत नाही. मी धावत जाऊन उचलायचे आणि तोंडाला येईल ते बोलायचे. "कोण रे मेल्या? रोज रोज काय लावलंयस? मूग गिळून बसायचं होतं तर फोन कशाला केलास? हिंमत असेल तर समोर ये, नाही तुझी चामडी लोळवली तर नाव सांगणार नाही." समोरून पीं पीं. मी आणखी चढायचे. कॉम्प्युटर शिकायला आलेली पोरं हातातलं सोडून ऐकत बसायची. वेखंडे सर मात्र त्या वेळी हटकून टेबलाखाली एखादी वायर बघायला वाकायचे.

एकदा तो फोन वाजून बंद झाला आणि लगेच पुन्हा वाजला. मी उचलायला गेले तोवर सर खडू टाकून दाराबाहेर पडले होते. चपला इथेच. अर्धा वर्ग फळ्याकडे बघत बसलेला. दुसऱ्या दिवशी आले तेव्हा मी विचारलं, हा काय प्रकार? तर म्हणाले, "काम आलं होतं." मी त्यांना जे बोलले ते इथे लिहीत नाही.

शेवटी मी ठरवलं, हा फोन परत करून टाकायचा. सरांना म्हटलं, "तुमच्या मनासारखं होतंय बघा. घड्याळाचा काटा झाला, पडदा झाला, आता हा फोन काढते. काढला तर काय अडतं?"

मला वाटलं सर खूश होतील. त्यांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"ऱ्हाऊ दे मॅडम."

"कशाला? कोण करतं त्याच्यावर फोन, त्या भुताशिवाय?"

"ऱ्हाऊ दे. एवढा एक ऱ्हाऊ दे."

जगातली प्रत्येक गोष्ट काढायला निघालेला माणूस एका निरुपयोगी फोनसाठी अडून बसतो, याचा अर्थ काय लावायचा? मी अर्थ लावायचा नाद सोडला आणि टेलिफोन ऑफिसात द्यायचा अर्ज लिहून पर्समध्ये ठेवला.

त्याच सुमारास, उन्हाळ्याच्या शेवटी, किन्हवलीकडे वीज पडली. दुसऱ्या दिवशी वेखंडे सर एसटीतून एक गाठोडं घेऊन उतरले. गोधडीत गुंडाळलेला कॉम्प्युटर. त्यांच्या घरी नुसता कीबोर्ड नाही, अख्खा कॉम्प्युटर आहे हे मला तेव्हा कळलं. वीज टेलिफोनच्या तारेतून आली होती आणि कॉम्प्युटरला टेलिफोन जोडणारा मोडेम जाळून गेली होती. बाकीचं मशीन वाचलं होतं. मशीन कसलं, सांगाडाच. मी पाहिलेल्यातलं सगळ्यात जुनं. समोर कुलपासारखा एक जाड खटका, दाबला की आत जाऊन बसणारा.

सरांनी ते क्लासच्या मधल्या टेबलावर ठेवलं. तिथे मी नवीन येणाऱ्यांना डेमो दाखवायचे. मी विचारलं, हे किती दिवस? ते म्हणाले, "हुईल आता."

भानगड अशी होती. जुन्या तऱ्हेचा मोडेम आता बाजारात मिळत नव्हता. कल्याणहून आणलेला नवा मोडेम जुन्या सिस्टिमला ओळखता येत नव्हता, म्हणून नवी सिस्टिम हवी. आणि नवी सिस्टिम करणाऱ्यांनी जाहीर करून टाकलं होतं की यापुढे आमचा बेस फक्त नव्या पिढीच्या प्रोसेसरवर चालेल. जुन्यांना रामराम. सरांचा प्रोसेसर बरोबर एक पिढी मागचा. नव्याला चार हुकूम जास्त कळतात, जुन्याला ते कळत नाहीत, एवढाच काय तो फरक, असं त्यांनी मला समजावलं.

"मग बरोबरच आहे की त्यांचं," मी म्हटलं. "जुनं किती दिवस ओढायचं?"

वेखंडे सरांचा आवाज चढलेला मी तेवढा एकदाच ऐकला. "मॅडम, घरात म्हातारी आसली, दात पडले तिचे, तर आपन तिला पेज करून घालतो का घराबाहेर काढतो? तिच्या दातापरमानं शिजवायचं. एवढंच तर हाय."

"पण तुमच्याकडे म्हातारी नाही, डबडं आहे. आमच्यातलं एक मशीन घेऊन जा. बरं चाललेलं देते."

"नव्याचं बटन दाबावं लागतं," सर म्हणाले.

आता कॉम्प्युटरचं बटण दाबावं लागतं ही काय तक्रार झाली? मी कपाळाला हात लावला आणि मुलांकडे वळले.

भात अजून मिळत होतं, म्हणजे सोर्स. सरांनी ठरवलं, आपणच आपल्या प्रोसेसरसाठी सगळा बेस कांडायचा. त्या सांगाड्यावर ते काम कधी संपलं असतं देवच जाणे, म्हणून मी म्हटलं, माझ्या नव्या मशीनवर करा आणि मला मोकळं करा. त्यांनी त्यांची डिस्क माझ्या मशीनला लावली. कांडप एका दिवसात झालं. डिस्क परत सांगाड्यात गेली, खटका दाबला, आणि पडद्यावर बेकायदा हुकूम अशा अर्थाचं एक इंग्रजी वाक्य उमटून सगळं थिजलं.

सर वाचतच राहिले. रोज उठून ज्याच्या त्याच्या दाताप्रमाणे म्हणणाऱ्या माणसाने माझ्या मशीनवर बसून माझ्याच मशीनच्या दाताप्रमाणे कांडलं होतं. घाईत तेवढी एक ओळ बदलायची राहिली होती. मला हसू यायला हवं होतं, पण त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला, तेव्हा आलं नाही.

"अहो, मशीनच आहे," मी म्हटलं.

"व्हय," ते म्हणाले. "पर दिवस गेला ना."

मग ते म्हणाले, आता चूक नको, याचं याच्यावरच कांडायचं. आणि सांगाडा कांडायला लागला. डेमोचं टेबल अडलं. परीक्षा तोंडावर आलेली, बाहेरून परीक्षक यायचे होते, आणि वेखंडे सर रोज दुपारी ऐन वर्गाच्या वेळेला एसटी पकडून घरी जायला लागले. जायचे आणि तिसऱ्या प्रहरी घामाघूम होऊन परत यायचे. आल्याबरोबर आधी सांगाड्याकडे बघायचे, मग मुलांकडे. मी विचारलं की "घरी जाऊन आलो." अहो, ते दिसतंय, पण कशाला?

त्या दिवसांत सुखाची गोष्ट एकच होती. फोन गप्प होता. दुपारी नाही, चहाच्या वेळेला नाही, त्या भुताचा पत्ता नाही. मी सरांना म्हटलं, "बघितलंत? घाबरला माझ्या ओरडण्याला. कायमचा गेला मेला." सर हसले नाहीत. त्यांचा चेहरा असा झाला की मी विषय बदलला. पण खरं सांगायचं तर मलाही दुपार जरा रिकामी वाटायची. माझी रोजची ओरडायची सवय मोडली होती.

परीक्षक येऊन गेले. त्यांनी मधल्या टेबलावरच्या सरसरणाऱ्या ओळी बघून विचारलं, "हे काय?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली, पण त्या संध्याकाळी माझा तोल गेला. "सर, उद्या हे उचललं नाही तर मी खटका बंद करणार. मग बसा पुन्हा."

ते उठून उभे राहिले. सांगाड्यावर हात ठेवून म्हणाले, "बाकी काय पन काढा मॅडम. पाटी काढा, मला काढा. हे बंद नका करू. थोडंच ऱ्हायलंय."

मी बंद केलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ओळी थांबल्या. सरांनी खटका वर केला, पुन्हा दाबला. काळा पडदा, आणि कोपऱ्यात लुकलुकणारी पांढरी रेघ. सरांनी नमस्कार केला. मग गोधडी आणली, मशीन गुंडाळलं आणि मिळाली त्या एसटीने निघून गेले. जाताना माझ्या कपाटाची चावी त्यांच्याच खिशात गेली. परीक्षेचे कागद त्या कपाटात. आणि दुसऱ्या दिवशी सर आलेच नाहीत.

मी किन्हवलीची एसटी पकडली. रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होते. कामावरून काढायचं, हे नक्की होतं. सुरुवात मी अशी करणार होते की, "वेखंडे सर, तुम्हाला काढलं तर माझं काय अडतं?"

गावात विचारत विचारत घर सापडलं. दार उघडंच होतं. आत सामान इतकं थोडं की मला आधी वाटलं, घर सोडून चाललेत. खाटेवर उशांना टेकवून एक बाई बसवलेली होती. माझ्याच वयाची असेल. उजवा हात मांडीवर ठेवलेला, त्यात जीव नव्हता. तोंड एका बाजूला किंचित ओढलेलं. डाव्या हातापाशी पाटावर एक कीबोर्ड होता आणि त्यावर सगळीकडे नुसती भोकं. खालचं लांब बटण तेवढं एक शिल्लक होतं. पलीकडे टेबलावर तो सांगाडा, आणि टेबलाखालून सरांचे पाय बाहेर आलेले.

मी सगळं बघत होते, पण तोंड आधीच सुटलं होतं. "कपाटाची चावी कुठे आहे? एक निरोप द्यायला काय झालं होतं? मूग गिळून बसलात ते इथे येऊन?"

खाटेवरून आवाज आला. घोगरा, तुटका, पण हसण्याचाच. बाई माझ्याकडे बघून हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती आणि डाव्या हाताने पाट थोपटत होती.

सर टेबलाखालून बाहेर आले. केसांत जळमटं. "वळखलं तिनं तुमाला," ते म्हणाले. "आवाजावरनं. मंदा, याच गो त्या मॅडम."

मी खाली बसले. सरांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. मग तुटक तुटक सांगितलं. तीन पावसाळ्यांमागे तिला झटका आला. एक बाजू गेली, बोलणं गेलं. दिवसा मोठी जाऊ बघते, पण ती शेतावर गेली की ही एकटी. फोन ठेवून बघितला. नंबर फिरवायला जमेना, रिसीव्हर जागेवर ठेवता येईना, मग लाइन अडकून पडायची. म्हणून हे. बटण एकदा दाबलं की मशीन क्लासचा नंबर लावतं, थोडा वेळ वाजवतं आणि आपलं आपण बंद करतं. एकदा वाजला की जेवली, बरी आहे. लागोपाठ वाजला की सरांनी निघायचं.

"बाकीची बटनं ऱ्हायली आसती तर चुकून दुसरं कायतरी दाबलं गेलं आसतं," ते म्हणाले. "आन आत जेवढं जास्ती, तेवढं आडकायला जास्ती. लाइट गेली, आली, की कुनाला काय न इचारता मशीन उठलं पायजे. नव्याचं बटन दाबाया इथं हाय कोन? याचा खटका एकदा दाबला की दाबलेला. लाइट आली की हे उभं."

म्हणजे आमच्या क्लासच्या त्या काळ्या पडद्यावर सर जे काढून काढून बघत होते, ते हे होतं. मी जिला मेल्या म्हणत होते, ती ही होती. मी म्हटलं, "एक शब्द सांगितला असतात मला. मी असलं बोलले असते का?"

सरांनी बायकोकडे बघितलं. "त्याच्यासाठीच नाय सांगितलं," ते म्हणाले. "मोडेमच्या आत एक बारका स्पीकर आसतो. फोन उचलला की तिकडचं हिकडं ऐकू येतं. पयल्या दिवशी तुमी उचलला आन वरडलात, तवा मी घरी येऊन बघतो तर ही हासत होती. झटका आल्यापास्नं पयल्यांदा. शेजारपाजारची येतात, हिच्याशी कुजबुजत बोलतात, आजारी मानसाशी बोलावं तसं. तुमी एकट्याच तिला चांगल्या मानसासारखं शिव्या देता. तुमाला सांगितलं आसतं तर तुमी वरडला नसतात."

सवयीने काहीतरी बोलायचं म्हणून मी त्या सांगाड्याकडे बोट दाखवलं. "तो आतला स्पीकर. नंबर लागायला त्याची गरज नसते ना? काढला तर काय अडतं?"

"काय अडत नाय," सर म्हणाले. मग मंदाची उशी सरळ करत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या."

चावी त्यांनी खिशातून काढून माझ्या हातात दिली. मी संध्याकाळच्या गाडीने परत आले आणि पर्समधला अर्ज फाडून टाकला.

दुसऱ्या दिवशी सर वेळेवर आले. काल काही झालंच नाही अशा चेहऱ्याने फळा पुसला. दुपारी जेवणं झाल्यावर फोन वाजला. मी धावले, उचलला, आणि रिसीव्हर कानाला धरून नुसती उभी राहिले. पीं... पीं... तिकडे ती पाटापाशी बसून वाट बघत असणार, हे आता मला दिसत होतं. मुलं माझ्याकडे बघत होती. सर आज टेबलाखाली वाकले नाहीत.

"वरडा मॅडम," ते हळूच म्हणाले. "ऐकतेय ती."

मी डोळे पुसले, पदर खोचला आणि ओरडले, "कोण गं मेले? आठवडाभर कुठे उलथली होतीस? मूग गिळून बसायचं होतं तर फोन कशाला केलास?"